ओओएम किलर आंधळा की आपण?

काटेवाला
राळेगावकडच्या एका जिनिंगवर वजनकाट्याचा पीसी बघतो. लिनक्स, ४ जीबी रॅम, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. काल कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर, अन् मेमरी संपली. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम किलर अशा वेळी एखादा चालू प्रोग्राम मारून जागा करतो. मारलं काय? डेटाबेस! क्रोम अकरा टॅब घेऊन मजेत. आंधळा कारभार.

कर्नलकाका
आंधळा म्हणालात म्हणून लिहितोय. तो मोजून मारतो. प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, रॅममधली पानं (मेमरीचे तुकडे), स्वॅपमधली पानं आणि पेज टेबल (त्या पानांची नोंद) यांची बेरीज, त्यात ओओएम-स्कोअर-ॲडज हा आपण लावायचा अंक, उणे १००० ते अधिक १०००. बेरीज जास्त, तो आधी मरतो. एक अंक म्हणजे एकूण मेमरीचा हजारावा भाग. क्रोम आपल्या टॅबना स्वतःच ३०० लावतो. तुमच्या ४ जीबीत हे १.२ जीबीचं वजन झालं. तरी डेटाबेस वरचढ? त्याला बफर, म्हणजे रॅममधली राखीव जागा, किती दिला होता ते सांगा.

काटेवाला
२ जीबी. 'निम्मी रॅम द्या' असं कुठंतरी वाचलं होतं.

कर्नलकाका
झालं तर मग. टॅबच्या १.२ पेक्षा हे २ जड.

उधारीबंद
मूळ रोग उधारीचा. कर्नल मागेल तेवढी मेमरी कबूल करतो, पानाला हात लागल्यावर द्यायला धावतो. या उधारीची सेटिंग, ओव्हरकमिट, २ वर ठेवा, म्हणजे कबुलीलाच मर्यादा; मारामारीच मिटेल.

काटेवाला
ठेवून पाहिलं होतं, साहेब. कबुलीचं मूळचं प्रमाण रॅमच्या ५० टक्के, स्वॅप शून्य. क्रोम उघडेचना.

पऱ्हाटी
मले तं हे भारनियमनच वाटते. ज्या फीडरवर गळती जास्त, वसुली कमी, त्याची लाइन आधी जाते. मी बिल भरतो, आकडे टाकते दुसरे, अन् अंधार माह्या घरी. ओलिताले रात्री दोनले उठा लागते. पायाखाली साप आहे का काय, तेही दिसत नाही.

धानपट्टा
आकड्याचं रडगाणं इथंही? डेटाबेस काय चोरी करत होता?

पऱ्हाटी
तुह्या गावात कॅनॉलचं पाणी, तुले काय समजते बे मोटरीचं!

धानपट्टा
कॅनॉलचं शेवटचं पाणी कधी आलं ते विचार आधी. टेलवर, कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला राहतो मी.

कर्नलकाका
भांडा, पण तुलना नीट करा. सहसा एकच प्रोसेस मरते, शेजारी नाही. फीडरसारखा अख्खा गट मारायचा तर सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटात, मेमरी-ओओएम-ग्रुप ही सेटिंग १ करावी लागते. एरवी ती शून्यच असते.

काटेवाला
बफर ७०० एमबी केला, डेटाबेसच्या सर्व्हिस फाइलीत तो ॲडजचा अंक उणे ५०० लावला. आज दुपारी टॅब मेले, काटा चालू राहिला. काका, तुमचं खरं. पण न विचारता मारणाऱ्याले मी आंधळाच म्हणणार.

पऱ्हाटी
काका, ते ग्रुपचं शून्य आमच्या फीडरले कुठं करा लागते?