प्रतिसाद: सैन्यात सिग्नलला जायला इंजिनिअरिंग लागतंच असं नाही

दादा, तुम्ही म्हणताय भाचा बारावी सायन्स आहे, इंजिनिअरिंग नाही म्हणून सिग्नल कोअरचं, म्हणजे सैन्याची फोन-वायरलेस सांभाळणाऱ्या शाखेचं, स्वप्न सोडून देतोय. अजिबात सोडू देऊ नका! जवान म्हणून जायला डिग्री लागत नाही, आता ही भरती अग्निवीर म्हणून होते. आता आधी ऑनलाईन लेखी परीक्षा, त्यात निघाला की मग ग्राउंड, १.६ किमी धावणं, बीमवर पुलअप्स, ९ फुटी खड्डा वगैरे, मग मेडिकल आणि मेरिट. कुठल्या कोअरमध्ये जायचं ते मात्र पोराच्या हातात फारसं नसतं, तिथे जागा आणि मार्क बोलतात, त्यामुळे टेक्निकलचा फॉर्म भरायचा आणि फिजिक्स-गणित पक्कं करायचं.

सिग्नलचं एक ट्रेनिंग सेंटर जबलपूरला आणि दुसरं गोव्यात पणजीला. माझा चुलतभाऊ असाच गेला, त्याला वायरलेसचं डोक्यात होतं आणि मिळालं लाईनमनचं काम. पण केबल तुटली की अंधारात चाचपडत दोन्ही टोकं सोलायची, गाठ मारून तारा पिळायच्या, वर टेप घट्ट गुंडाळायची आणि लगेच फोन लावून आवाज येतो का बघायचं, हे तो इतक्या अभिमानाने सांगतो की ऐकत राहावं. १९११ पासूनची कोअर आहे ही, ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस', म्हणजे वेगवान आणि सतर्क, आणि ती चौकसपणाची सवय त्याच्यात खरंच उतरलीय.

अग्निवीरची नोकरी ४ वर्षं आणि पुढे त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात, हे मात्र घरात आधीच स्पष्ट बोलून घ्या.