ईएमटीचं ट्रेनिंग सुरू केलंय, पण अनोळखी माणसासमोर तोंडच उघडत नाही

नवीन_बॅच

नमस्कार मंडळी. ईएमटीचा, म्हणजे अॅम्ब्युलन्सवर पेशंटला तातडीची मदत करणाऱ्यांचा, कोर्स सुरू होऊन ३ आठवडे झालेत. थिअरीचं टेन्शन नाही, नाडी बघणं, बीपी घेणं, श्वास मोजणं एकटीने करायचं असेल तर नीट जमतं. पण मी पहिल्यापासून फार बुजरी आहे, अजूनही कुणाला फोन करायचा तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेते. परवा सिनॅरिओ प्रॅक्टिस होती, बॅचमधलाच एक मुलगा पेशंट होऊन छाती धरून बसलेला, बाकीचे सगळे भोवती उभे, आणि मी ग्लोव्ह्ज घालून गेले आणि एक शब्द न बोलता सरळ त्याचं मनगट धरलं. नाव सांगितलं नाही, काय होतंय विचारलं नाही, काहीच नाही. सर म्हणाले, अगं त्याला कळू तरी दे तू कोण आहेस. कुणी हसलं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं, करताना पण तेच, मोठ्याने मोजा म्हणतात आणि माझा आवाज घशातच अडकतो.

बाबांना अटॅक आला होता तेव्हा अॅम्ब्युलन्समधल्या ताई त्यांचं सगळं करता करता आईशी पण बोलत होत्या, आता हे करतेय, आता ते लावतेय असं सांगत. तेव्हापासून मला हेच काम करायचंय. माझ्यासारखं कुणी होतं का इथे? काय केलंत?

रात्रपाळी

मी होते. ११ वर्षं झाली अॅम्ब्युलन्सवर, आणि आजही लग्नकार्यात कोपरा धरून बसते. स्वभाव बदलायच्या मागे लागू नकोस, पहिली चार वाक्यं पाठ कर. "नमस्कार, मी अमुक, ईएमटी आहे. तुम्हाला मदत करायला आलेय. तुमचं नाव काय? तपासायला हात लावू का?" एवढंच. चालताना म्हण, भांडी घासताना म्हण, इतक्या वेळा म्हण की घाबरलेली असतानाही तोंडातून आपोआप निघेल. त्यात परवानगी विचारून होते आणि पेशंट शुद्धीवर आहे का, नीट उत्तर देतोय का, धाप लागलीय का, हे पण कळतं. पुढे सॅम्पलचे (SAMPLE, इंग्रजी आद्याक्षरांवरून लक्षात ठेवायचे) प्रश्न आहेतच, काय त्रास होतोय, कसली अॅलर्जी, कुठली औषधं, आधीचे आजार, शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं, हे व्हायच्या आधी काय चाललं होतं. म्हणजे विषय शोधत बसायला लागत नाही, आणि बुजऱ्या माणसाला खरी भीती त्याचीच असते ना.

अजून एक सांगते. एका आजींना चक्कर आली म्हणून कॉल होता, बीपी खूप कमी, मुलगा शेजारी उभा राहून सगळी उत्तरं स्वतःच देत होता. मी आजींच्या नजरेच्या उंचीला खाली बसले, औषधं कुठली घेतलीत विचारलं आणि गप्प राहिले. दंडाला बांधलेल्या बीपीच्या पट्ट्यातली हवा उतरत होती तोपर्यंत काही बोलले नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना म्हणून परत घेतली गं. मुलासमोर सांगायची लाज वाटत होती त्यांना. प्रश्न विचारून थांबायला लागतं, आणि ते तुला येत असणार.

डावी_बाजू_स्ट्रेचर

ताईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. पेशंटसमोर शांत राहिलात तर चालतं, टीममध्ये गप्प राहिलात तर नाही चालत. माझी इंटर्नशिप चालू होती, धाप लागलेला पेशंट, सीनियरने रिझर्व्हॉयर पिशवीवाला (ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेला) ऑक्सिजन मास्क लावला आणि ते दुसऱ्या कामाला लागले. मला दिसत होतं की पिशवी चपटी आहे. ती लावायच्या आधीच फुगलेली पाहिजे आणि फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर पाहिजे, हे मला पाठ होतं. पण एवढ्या अनुभवी माणसाला मी कसं सांगू म्हणून गप्प उभा राहिलो. सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडला होता पण फ्लोमीटर शून्यावर होता. थोड्या वेळाने त्यांचंच लक्ष गेलं, पेशंट वाचला, पण ती चपटी पिशवी अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून धीट वगैरे बोलायच्या भानगडीत पडत नाही, दिसतं तेवढंच बोलतो. "सर, पिशवी फुगत नाहीये." कुणाची चूक काढल्यासारखं वाटत नाही आणि काम होतं.

शिकवणारा_मास्तर

मोजण्याबद्दल बोलतो, कारण हे कुणी समजावून सांगत नाही, नुसतं ओरडा म्हणतात. दोघं मिळून सीपीआर करताना ३० दाब झाले की जोडीदाराने २ श्वास द्यायचे असतात, त्याने श्वास द्यायची बॅग कधी दाबायची हे त्याला तुझ्या आवाजावरूनच कळतं. दर २ मिनिटांनी जागा बदलायची तीही बोलूनच. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सगळे आकडे मोठ्याने म्हणताना दम लागत असेल तर शेवटचे पाच तरी खणखणीत म्हण.

आणि बाहुलीला हाक मारायला लाजू नकोस. ती १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुन लार्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने आणली, चेहरा एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला, पॅरिसच्या सेन नदीत बुडालेली मुलगी असं सांगतात. इतकी वर्षं तिला हाका मारूनच लोक शिकलेत. हाक मारणं ही तपासणी आहे. पेशंट आपणहून जागा आहे, का हाकेला उठतो, का दुखवल्यावरच हलतो, का कशालाच नाही, या चार पायऱ्या तुला शिकवल्या असतीलच. तू पुटपुटलीस तर हाकेला उठणारा माणूस तुझ्या नोंदीत एक पायरी खाली जाईल, मग पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या नोंदीवर. आवाज हे तुझ्याकडचं उपकरण आहे असं समज, स्टेथोस्कोपसारखं.

नवीन_बॅच

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मास्तरांचं उत्तर तर मी वहीत उतरवून घेतलं. आज परत प्रॅक्टिस होती. चार वाक्यं म्हटली, तिसरं विसरले पण हात लावायच्या आधी विचारलं. सीपीआरला सतरापर्यंत आवाज बारीकच होता, पण सव्वीसपासून तीसपर्यंत खरंच जोरात म्हटलं आणि जोडीदाराने बरोबर तिसाला श्वास दिला, मला त्याला सांगावं लागलं नाही. आता एक शंका, ताई, पेशंटला इतकी धाप असेल की बोलताच येत नाही तर सॅम्पल कसं विचारायचं?

रात्रपाळी

वा गं! मग सगळं एका दमात विचारायचं नाही. मान हलवून हो-नाही सांगता येईल असं विचार, बाकीचं घरच्यांना विचार, औषधांची पाकिटं हातात घेऊन बघ. आणि एका श्वासात तो किती शब्द बोलतो ते मोज. पूर्ण वाक्य, दोन-तीन शब्द, का एकच. हॉस्पिटलला कळवताना ते आधी सांग.