हॅवलॉक एका दिवसात उरकायचं का? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मोठे काका: नमस्कार मंडळी. अंदमानचा कार्यक्रम एजंटकडून आलाय. दिवस १: पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, रात्री लाइट अँड साउंड. दिवस २: रॉस बेट, नॉर्थ बे किनारा. दिवस ३: म्युझियम, खरेदी. दिवस ४: हॅवलॉक बेट, सकाळच्या बोटीने जाऊन संध्याकाळी परत. दिवस ५: सकाळचं विमान. कोणाला काही सुचवायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. उद्या अ‍ॅडव्हान्स भरतोय.

काकू: मला चालेल. हॅवलॉकला मुक्काम नको, एवढंच. दोनदा बॅगा उपसा, दोनदा भरा.

ठाण्याचा दादा: काका, उद्या पैसे भरू नका. थांबा जरा.

ठाण्याचा दादा: आम्ही जाऊन आलोय म्हणून सांगतो. खासगी बोटीला जायला दीड-दोन तास. त्याआधी तासभर जेट्टीवर हजर राहायचं, सामान स्कॅन, ओळखपत्रं, रांग. तिथे उतरल्यावर राधानगर बीच जेट्टीपासून १२ किलोमीटर. जेवण धरा. परतीची बोट दुपारची, तिच्याआधी पुन्हा तासभर जेट्टीवर. हिशोब करा, पाण्यात किती वेळ राहिलात ते.

वहिनी: आणि एलिफंट बीच वेगळाच. तिथे जेट्टीवरून स्पीडबोटीने जातात. एका दिवसात राधानगर तरी होतं नाहीतर एलिफंट तरी. दोन्ही करायला गेलं की फक्त वाहनातून उतर-चढ होते.

मोठे काका: राधानगर बघू फक्त. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं त्याला. सूर्यास्त बघून निघायचं.

मी: काका, तो सूर्यास्त एका दिवसात जमत नाही, तोच तर घोळ आहे. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, लोक त्यासाठीच जातात. पण तोपर्यंत आपली बोट सुटलेली असणार.

मोठे काका: डिसेंबरात सहाला मावळतो ना?

मी: पुण्यात. तिकडे पाचच्या आसपास. घड्याळ तेच, पण बेटं ९३ अंश रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची. पुण्यापेक्षा एकोणीसेक अंश पूर्वेला, म्हणजे सगळं सव्वा तास आधी. साडेपाचच्या सुमाराला तिथे उजाडतंसुद्धा.

काकू: ह्यांची सोय झाली. नाहीतरी चारला उठून भांडी वाजवतात.

छोटू: 😂😂😂

मोठे काका: मी चहा करतो. भांडी आपोआप वाजतात.

साताऱ्याची आत्या: हे टाइप करतायत मघापासून. पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग होतं ना, आता निबंध येणार.

आतोबा: मोठे दादा, सूर्यास्त राहू दे बाजूला. मला खटकतोय तो दिवस ४. हॅवलॉक कधीही विमानाच्या आदल्या दिवशी ठेवायचं नसतं. समुद्र खवळला की प्रशासन बोटी बंद ठेवतं, आणि त्यात कोणाची ओळख चालत नाही. २०१६ च्या डिसेंबरात वरदा चक्रीवादळ त्या बाजूने गेलं तेव्हा हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉकवर अडकले होते, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून बाहेर काढलं. दरवेळी एवढं होत नाही, पण एक फेरी रद्द झाली तरी तुमचं विमान गेलं. बेट आधी करा, शहर मागे ठेवा. बोट चुकली तर म्युझियम बुडेल, तिकीट बुडणार नाही.

दुसरं, छोटूला स्कूबा करायचंय असं ऐकलं. स्कूबा करून दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात बसायचं ही घाई बरी नव्हे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात मुरतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी, त्यामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास थांबतात. मी तर २४ म्हणतो. एजंटला हे माहीत नसेल तर नवल आहे.

छोटू: आतोबा 🫡 मग दिवस २ लाच हॅवलॉक करा ना

काकू: आणि बॅगा?

वहिनी: काकू, मोठ्या बॅगा पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवून जाता येतं, आपण परत तिथेच येणार. एका रात्रीपुरती एक पाठीवरची पिशवी. टॉवेल, कपड्यांचे दोन जोड, औषधं.

काकू: असं होय. मग माझं काही म्हणणं नाही.

साताऱ्याची आत्या: मला बोट लागते हो. अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा लिंबू हुंगत बसले होते.

आतोबा: खासगी कॅटामरान बोट वेगवान असते, पण ती सगळी बंद आणि एसी, वारा घ्यायला सहसा बाहेर येता येत नाही. सरकारी बोटीला डेक आहे, क्षितिजाकडे बघत वाऱ्यावर उभं राहिलं की बरं वाटतं. पण तिला वेळ जास्त, अडीच तासांच्या घरात, आणि तिकिटं मिळणं कठीण. ती बेटावरच्या लोकांची एसटी आहे, त्यांचा हक्क आधी. आपण खासगीच घेऊ, हिला खालच्या मजल्यावर मधोमध जागा मागू. डिसेंबरच्या शेवटाकडे समुद्र बहुधा शांत असतो.

वहिनी: उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. पण आत्या, तुमचं बीपी आहे, डॉक्टरांना विचारूनच. आणि उपाशीपोटी बसू नका.

काकू: अगंबाई! मार्गशीर्षातला गुरुवार आहे का त्या आठवड्यात?

साताऱ्याची आत्या: मोठ्या वहिनी, मीही तेच बघत होते. बोटीच्या दिवशी गुरुवार नको. साबुदाणा पोटात आणि वर समुद्र, मी काही जगत नाही.

मोठे काका: मी उपवास करत नाही. मी सुरमई खाणार.

मी: काका, हॅवलॉकवर मासा मिळेल पण बंगाली हाताचा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलंय. गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर ही गावांची नावं त्यांचीच. मोहरीचं तेल चालणार असेल तर बघा.

मोठे काका: कोकम नेतो बरोबर.

ठाण्याचा दादा: 🙏

साताऱ्याची आत्या: माझ्या गुडघ्यांचं सांगा. स्पीडबोट जमेल का?

ठाण्याचा दादा: आत्या, एलिफंट बीचला तू येऊ नकोस. किनाऱ्यावर धक्का नाही, पाण्यात उतरून चालावं लागतं. आम्ही पोरं सकाळी तिथे प्रवाळ बघून येतो, तू आणि काकू काळापत्थर बीचला जा, रस्ता थेट किनाऱ्यालगत जातो. राधानगर सगळे मिळून, आदल्या दुपारी, सूर्यास्तापर्यंत.

छोटू: तिथे हत्ती दिसतात का

ठाण्याचा दादा: नाही रे. लाकूडतोडीसाठी आणले होते पूर्वी. त्यातला राजन नावाचा समुद्रात पोहायचा, पर्यटक बघायला जायचे. २०१६ मध्ये गेला तो.

आतोबा: शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे कोणी खिशात घालायचे नाहीत. मेलेलं प्रवाळसुद्धा नाही. विमानतळावर एक्स-रेत दिसतं, मग बॅग उघडून उभं करतात. दुकानातून काही घेतलंत तर पावती जपा.

मोठे काका: जेल मात्र दिवस १ लाच. त्यात बदल नाही. ४ जुलै १९११ ला तात्याराव सावरकर तिथे उतरले, आणि आपण आधी समुद्रात डुंबायचं? कोठडीपुढे उभं राहिल्याशिवाय मी पाण्यात पाय घालणार नाही.

आतोबा: बरोबर. पण कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. आत्याला सावकाश नेऊ.

मोठे काका: मी हात धरीन तिचा.

वहिनी: तर मग असं. दिवस १ जेल. दिवस २ सकाळी हॅवलॉक, दुपारी राधानगर, मुक्काम. दिवस ३ सकाळी एलिफंट आणि काळापत्थर, दुपारच्या बोटीने परत. दिवस ४ रॉस, म्युझियम, खरेदी. नॉर्थ बे गाळू. दिवस ५ विमान.

बाबा: नॉर्थ बे का गाळता? जुन्या लाल २० च्या नोटेवर तिथलाच देखावा होता.

मी: बाबा, नव्या २० च्या नोटेवर वेरूळ आहे. संभाजीनगरला जाताना नेते मी तुम्हाला. प्रवाळ हॅवलॉकला बघितल्यावर नॉर्थ बेला वेगळं काही नाही, आणि रॉसला निवांत वेळ मिळेल. हरणं आहेत, वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती आहेत. शिवाय पंधरा-वीस मिनिटांची बोट, आत्याला झेपेल.

बाबा: बघू. नोट शोधून ठेवतो.

मोठे काका: एजंटला फोन केला. म्हणतो दिवस बदलता येतील, हॅवलॉकच्या एका रात्रीचा फरक द्यावा लागेल, नाताळात दर चढे असतात. पोर्ट ब्लेअरची एक रात्र कमी करायला सांगितली आहे.

ठाण्याचा दादा: पण मग बॅगा त्या रात्री हॉटेलच्या क्लोकरूममध्ये. आधी विचारून घ्या ठेवतात का. आणि तिकिटावर स्वराज द्वीप आणि श्री विजयपुरम असं छापलेलं दिसेल, ही हॅवलॉक आणि पोर्ट ब्लेअरचीच नवी नावं, एजंटने भलतीकडे पाठवलं म्हणून भांडू नका. जेट्टी कोणती तेही त्यावरच बघा, फिनिक्स बे की हॅडो. रिक्षावाल्याला नुसतं 'जेट्टी' सांगू नका.

वहिनी: बोटीच्या तिकिटासाठी सगळ्यांची नावं आधारवर आहेत तशी हवीत. आधारचे फोटो ग्रुपवर टाकू नका, मला वेगळे पाठवा.

साताऱ्याची आत्या: 📷 फोटो

वहिनी: आत्या!!

साताऱ्याची आत्या: अगं तो पंचांगाचा आहे. गुरुवार दिवस ४ ला येतोय. रॉसला उपवास चालेल मला.