५ मिलीच्या सिरिंजचं रबर गळत नाही, पण दट्ट्या अडखळतो. काय बदलू?

शिरोली_मोल्डिंग
शिरोली एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं युनिट आहे. आजवर पंपाचे ऑइल सील, ओ-रिंगा, इंजिनाची गॅस्केटं, हेच काम. आता एका पार्टीने ५ मिलीच्या सिरिंजच्या दट्ट्याचं रबर करायला दिलंय. बॅरल पॉलिप्रॉपिलीनचं, आतून १२ मिमी. रबराला दोन रिब (भिंतीला टेकणाऱ्या गोल कडा), दोन्ही १२.६ वर, माथा सपाट, मिलीमीटरभर रुंद. पोराने कॉम्प्युटरवर टू-डी ॲक्सिसिमेट्रिक मॉडेल (अक्षाभोवती सगळं सारखं धरणारं) लावलं, रबराच्या ताणासाठी मूनी-रिव्हलिन सूत्र, घर्षण ०.२. त्यात काँटॅक्ट प्रेशर, म्हणजे रबराचा भिंतीवरचा दाब, भरपूर दिसतं, सॅम्पलही गळत नाही. पण दट्ट्या आधी हलतच नाही, मग एकदम सुटतो. पार्टी म्हणते सिलिकॉन तेल वाढवा. वाढवू का?

उद्यमनगरचा_जुना_डिझायनर
वाढवून वाढवून किती वाढवणार? आयएसओ ७८८६-१ मध्ये, म्हणजे सिरिंजच्या मानकात, मर्यादा आहे: आतल्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटीमीटरला ०.२५ मिग्रॅ. तुमच्या बॅरलला ५ मिलीच्या खुणेपर्यंत साधारण साडेसोळा चौसेमी भरतात. म्हणजे सगळं मिळून ४ मिग्रॅच्या आसपास. शिवाय सिरिंज गोदामात पडून राहिली की रिबच्या खालचं तेल बाजूला सरकतं आणि रबर प्लास्टिकला चिकटतं. जास्त तेलाने ते थांबत नाही.

दुखणं रिबच्या आकारात आहे. गळती अडते ती प्रेशरच्या शेंड्याने, आणि अंगठ्याला जोर लागतो तो रुंदीभरच्या सगळ्या प्रेशरच्या बेरजेने. सपाट रिबमध्ये बेरीज फुगते, शेंडा तेवढाच राहतो. माथा गोल करा, पट्टा अरुंद होऊ द्या. ऑइल सीलची धार तुम्ही रोज बघता, तिथे एवढी रुंदी ठेवता का?

गळतीच्या टेस्टला ५ मिली आणि पुढच्या मापांना २०० केपीए (किलोपास्कल) दाब लागतो, ३० सेकंद. १२ मिमीच्या बोअरला (आतल्या भोकाला) तो जोर २३ न्यूटनच्या आत. आणि रबर जवळजवळ न दबणारं, त्यामुळे पाण्याचा दाब रबरातून भिंतीपर्यंत पोचतो, सील आपोआप घट्ट होतं. म्हणून बसवतानाच एवढं आवळायची गरज नसते. मॉडेलमध्ये हायब्रिड एलिमेंट (न दबणाऱ्या रबरासाठीचे) आहेत ना, ते एकदा बघा. नसतील तर ते आकडे विसरा.

सिस्टर_राजारामपुरी
तुमचं गणित मला कळत नाही, पण हे एकदम सुटणं फार वाईट. लहान बाळाला इंजेक्शन देताना अंगठ्याने जोर लावावा आणि औषध भस्सकन जावं, की बाळ किंचाळतं आणि आई माझ्याकडे बघते. जड दट्ट्या एकवेळ चालेल, धक्का नको.

शिरोली_मोल्डिंग
सिस्टर, लक्षात ठेवतो. काका, माथा गोल केला आणि १२.६ चं १२.४ केलं तर मॉडेल म्हणतं चालेल. डाय कापू का?

उद्यमनगरचा_जुना_डिझायनर
थांबा, डाय काय पळून जात नाही. आधी बॅरल दोन्ही टोकांना मोजा. कोअर (साच्यातला आतला दांडा) मागच्या बाजूने निघतो, म्हणून ड्राफ्टमुळे (तो सुटावा म्हणून दिलेल्या उतारामुळे) बोअर नोझलकडे बारीक आणि मागे मोठा. सिरिंज पॅक होते ती रबर नोझलकडे, म्हणजे सगळ्यात आवळलेल्या जागी ठेवून. गळतीची टेस्ट मात्र ५ मिलीच्या खुणेवर, म्हणजे सैल टोकाला. १२.४ वर तुम्ही धक्क्यातून सुटाल आणि तिकडे गळतीत सापडाल. मॉडेल दोन्ही व्यासांना चालवा.

दुसरं, त्या टेस्टमध्ये दट्ट्याला आडवा जोरही देतात. ॲक्सिसिमेट्रिक मॉडेलला आडवं काही दिसतच नाही, तिथे अर्धं थ्री-डी लागेल. आणि ०.२ हा घर्षणाचा आकडा कुणी दिला? सॅम्पल मशीनवर १०० मिमी प्रति मिनिट वेगाने ओढा, आलेल्या जोरावरून उलटं काढा.

पॉलिमरवाली
ऑइल सीलचं नायट्राइल कंपाउंड इथे घालू नका. सिंथेटिक पॉलिआयसोप्रीन किंवा ब्युटाइल बघा, वर आयएसओ १०९९३ च्या, म्हणजे शरीराला अपाय होतो का हे बघणाऱ्या चाचण्या. निर्जंतुकीकरण झालेल्या आणि एजिंग ओव्हनमधून (गरम ठेवून लवकर जुनं करणाऱ्या भट्टीतून) काढलेल्या तुकड्यावरच जोर मोजा. ताजं रबर नेहमी गोड बोलतं.

शिरोली_मोल्डिंग
बोअर गेज लावला. मागचं टोक १२.०८, नोझलकडे ११.९५. डाय थांबवली, पार्टीला एजिंग केलेले बॅरल मागितलेत.