मदत हवी आहे: फेथ कम्युनिटी नर्सिंगच्या परीक्षेला कुठलं पुस्तक?

मिरजेची_सिस्टर
फेथ कम्युनिटी नर्सिंगचं सर्टिफिकेशन करायचंय. प्रश्न किती, पासिंग किती, पुस्तक कुठलं? दोन दिवस शोधतेय, एक प्रश्नसंच मिळेल तर शपथ. रात्रपाळ्या चालू आहेत, सप्टेंबरच्या आत हातात हवं. मुद्द्याचंच सांगा प्लीज.

आबा_५८
हे काय असतं? देवळातली नर्स?

स्नेहल_के
एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, म्हणताय ना? घाबरू नका, मुंबईत सेंटर आहे. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. मी रोज ७५ सोडवायचे आणि चुकलेले एका वहीत लिहायचे. ती वही म्हणजेच पुस्तक!

मिरजेची_सिस्टर
आबा, तसंच काहीसं: चर्चसारख्या ठिकाणी तिथल्या लोकांच्या तब्येतीकडे बघणारी नर्स. स्नेहलताई, एनक्लेक्स होऊन बारा वर्षं झाली. वरचा प्रश्न वाचा ना.

गोदाकाठ
त्यांचं काय चुकलं? देश नाही, संस्था नाही, जीएनएम डिप्लोमा की डिग्री तेही नाही. आणि सप्टेंबरची घाई कोणाला?

मिरजेची_सिस्टर
देश अर्थात अमेरिका, इलिनॉय. जीएनएम मिरजेला, बीएसएन म्हणजे नर्सिंगची डिग्री इथे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की चर्चच्या हॉलमध्ये बीपी बघते, चार वर्षं झाली. नवी कमिटी आली आणि म्हणते सप्टेंबरपर्यंत सर्टिफिकेट आणा, नाहीतर टेबल बंद. पाळकसाहेब गप्प.

सुमन_ओहायो
प्रश्नसंच मिळणार कसा, परीक्षाच नाही! एएनसीसी ही नर्सेसना सर्टिफिकेशन देणारी अमेरिकन संस्था हे २०१४ पासून द्यायची, तेही पोर्टफोलिओवर: कामाचे तास, शिक्षण, नोंदी. आता नवे अर्ज घेत नाहीत, ज्यांच्याकडे आहे त्यांचं फक्त रिन्यू होतं. तुम्हाला हवा तो 'फाउंडेशन्स' कोर्स. अभ्यासक्रम वेस्टबर्ग इन्स्टिट्यूटचा, शिकवतात ठिकठिकाणची कॉलेजं-हॉस्पिटलं. शेवटी मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेशन नव्हे, नावापुढे अक्षरं लावता येत नाहीत.

होलिस्टिक_हेमा
मग होलिस्टिक नर्सिंगची द्या की. तिथे खरीखुरी परीक्षा आहे. मी दिली, आयुष्य बदललं.

सुमन_ओहायो
हेमाताई, प्रत्येक धाग्यावर तेच औषध! फेथ कम्युनिटी नर्सिंग ही वेगळी स्पेशालिटी आहे, एएनए या अमेरिकन नर्सेसच्या संघटनेची मान्यता १९९७ ची. तेव्हा नाव पॅरिश नर्सिंग होतं, २००५ मध्ये बदललं.

होलिस्टिक_हेमा
बीपी बघायला स्पेशालिटी कशाला लागते?

सुमन_ओहायो
बीपी निमित्त असतं हो. आमच्याकडे एक आजी दर वेळी दोनदा मोजून घ्यायच्या. तिसऱ्या महिन्यात पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, गोळ्या संपल्यात, मुलाला सांगू नकोस. इंजेक्शन-ड्रेसिंग आपण तिथे करत नाही. ऐकायचं, समजवायचं, योग्य ठिकाणी पाठवायचं आणि कमिटीतल्या कोणी विचारलं तरी तोंड बंद ठेवायचं.

गोदाकाठ
बाकी इलिनॉय म्हणजे याचं माहेरच की. ग्रेंजर वेस्टबर्ग या लुथरन पाळकाने १९८० च्या दशकात पार्क रिजच्या लुथरन जनरल हॉस्पिटलच्या साथीने हे काम उभं केलं.

आबा_५८
आमच्या हाताला पट्टा पुरतच नाही. बीपी दर वेळी १६० दाखवतं.

सुमन_ओहायो
आबा, लहान पट्टा जाड दंडावर लावला की आकडा वाढीवच येतो. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तरी तेवढंच आलं तर डॉक्टरांकडे जा.

आबा_५८
शांत कसला बसतो, आरती झाली की बटाटेवडे.

स्नेहल_के
आमच्या मंडळात वडे बंदच केले. उपमा ठेवला तर निम्मी माणसं आरतीलाच येईनात.

मिरजेची_सिस्टर
कमिटीचं पत्र परत काढून वाचलं. शब्द आहे 'कोर्स सर्टिफिकेट'. सर्टिफिकेशन मीच वाचलं, रात्रपाळीहून आल्यावर. फाउंडेशन्स कोर्सच्या तीन बॅचेसना मेल केली, एकीचं उत्तर आलं: ऑगस्टमध्ये जागा आहे, आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्सची प्रत पाठवा. आता हे पैसे कमिटीकडे मागायचे की नाही? आजवर पट्टे-बिट्टे सगळं माझ्याच खिशातून.

सुमन_ओहायो
मागा. लेखी मागा. आणि जमलं तर त्यातच मोठा पट्टाही लिहा.

नवा_सभासद_१२
मलाही हीच परीक्षा द्यायचीय. पुस्तकाची पीडीएफ कोणाकडे आहे का?