पंचायतीचा खर्च तपासायचा आहे, तोही सरकारी पैसा न घेता. सुरुवात कुठून करावी?

तिसवाडीकर

सरकारने हात आखडता ठेवून खर्च करावा, जो करावा त्याचा हिशेब द्यावा, आणि गावाला जमतं ते गावाने स्वतः करावं, अशा मताचे आम्ही गोव्यातल्या एका गावातले नऊ-दहा जण आहोत. राज्याच्या अर्थसंकल्पावर नुसतं बोलत राहण्यापेक्षा आपल्या पंचायतीपासून सुरुवात करावी असं ठरलं आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नुसता आरडाओरडा नको, कागद हातात घेऊन बोलायचं आहे.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. कोणते कागद आधी मागायचे? गटार, संरक्षक भिंत, पेव्हर अशी कामं अंदाजपत्रकाप्रमाणे झाली की नाही हे अभियंता नसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? आणि आमचं मंडळ नोंदणीकृत करून त्याला सरकारी अनुदान घ्यावं का? शेवटच्या मुद्द्यावर आमच्यातच दोन तट आहेत.

जमाखर्च

कागदांचं सांगतो. पहिला कागद म्हणजे पंचायतीचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च. दोन्ही शेजारी ठेवा आणि जमेच्या बाजूला दोन ढीग करा. एका बाजूला पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, व्यापार परवाना, बांधकाम परवान्याचं शुल्क, जाहिरात फलक. दुसऱ्या बाजूला वरून आलेलं: जकातीच्या बदल्यात मिळणारं अनुदान, वित्त आयोगाचा निधी, राज्याची इतर अनुदानं. पंचायत कोणाला उत्तरदायी राहणार हे या दोन ढिगांवरून कळतं. घरपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षं तशीच असेल आणि गटारासाठी मात्र वरच्या अनुदानाची वाट पाहिली जात असेल, तर तुमचा पहिला प्रश्न खर्चावर नको, वसुलीवर हवा. गावाला तो आवडणार नाही, तरी तिथूनच सुरुवात करा. आपण भरलेल्या पैशाचा हिशेब माणूस जितक्या हक्काने मागतो, तितक्या हक्काने आयत्या पैशाचा मागत नाही.

मग ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं सरकारी संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, गट, पंचायत निवडली की मंजूर कृती आराखडा आणि योजनानिहाय जमा-खर्च दिसतो. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचा ६० टक्के भाग बांधील होता: निम्मा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के मोकळा, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवायला परवानगी नव्हती. तेव्हा नोंदीत स्वच्छतेच्या लेखाशीर्षाखाली रस्त्याचं किंवा सभागृहाचं काम दिसलं तर त्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा. संकेतस्थळावर सगळं दिसेल असं धरून चालू नका. स्वतःच्या उत्पन्नातून केलेला खर्च तिथे पुष्कळदा अर्धवटच चढवलेला असतो. त्यासाठी रोकडवही पाहावी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा. त्यात ‘का’ आणि ‘कसं’ विचारू नका. ‘हे काम निकृष्ट का झालं’ याला माहिती अधिकारी उत्तर देणं लागत नाही, कारण कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद. कामाचं नाव, वर्ष, वॉर्ड लिहून कागद मागा: कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश (काम सुरू करण्याचा हुकूम), मोजमाप वहीची (झालेल्या कामाची मापं जिच्यात लिहितात तिची) संबंधित पानं, बिलं, पूर्णत्वाचा दाखला. एका अर्जात एकच काम घ्या. दहा कामं एकत्र मागितली की ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून अर्ज लोंबकळतो.

त्याच कायद्याच्या कलम २(j) खाली प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

कागद आले की आधी तारखा बघा, आकडे नंतर. कार्यादेशाच्या आधीची तारीख मोजमाप वहीत असेल, किंवा तीन निविदा एकाच हस्ताक्षरात असतील, तर पुढचं वाचायला बसण्यापूर्वी त्या पानांच्या प्रमाणित प्रती घ्या. दुसरी नेहमीची खोड म्हणजे काम तोडणं. ३०० मीटरचं एकच गटार तीन तुकड्यांत, तिन्ही रकमा ज्या मर्यादेवर निविदा काढावी लागते तिच्या किंचित खाली, कंत्राटदार एकच, आणि पहिल्याचा शेवट जिथे तिथेच दुसऱ्याची सुरुवात. ‘वॉर्ड क्र. ३ मध्ये विविध ठिकाणी’ असं मोघम नाव असलेलं काम तर पाहायचंच. जागा लिहिलेली नसेल तर मोजायचं कुठे?

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गटाराच्या उदाहरणाने देतो, कारण गावात तीच कामं जास्त.

समजा अंदाजपत्रकात १५० मीटर काँक्रीटचं गटार आहे. आतली रुंदी ४५ सेंमी, आतली खोली ६० सेंमी, दोन्ही भिंती १५ सेंमी, तळ १५ सेंमी. भिंतींचा छेद ०.१५ × ०.६० × २ = ०.१८ चौ. मी. तळाची रुंदी भिंतींसकट ७५ सेंमी, म्हणून ०.७५ × ०.१५ = ०.११२५. एकूण ०.२९२५, गुणिले १५० म्हणजे जवळपास ४३.९ घनमीटर काँक्रीट.

आता भिंती आणि तळ दोन्ही १० सेंमी केले तर? भिंती ०.१२, तळ ०.६५ × ०.१० = ०.०६५, एकूण ०.१८५. गुणिले १५०, म्हणजे २७.७५ घनमीटर. सोळा घनमीटर काँक्रीट गायब, म्हणजे बिलातल्या काँक्रीटचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. वरून पाहणाऱ्याला गटाराची रुंदी आणि खोली तंतोतंत बरोबर दिसते! म्हणून पट्टी आतल्या रुंदीला लावून उपयोग नाही, ती जाडीला लावायची.

भिंतीची जाडी नंतरही मिळते: गटाराच्या टोकाला, घराचं पाणी सोडायला ठेवलेल्या भोकात, किंवा लादी उचलता येते तिथे. तळाची जाडी मात्र एकदा काँक्रीट पडलं की गेली. ती मोजायची वेळ म्हणजे ओतायच्या आदल्या दिवशी. फळ्या लागलेल्या असतात, तेव्हा दर २० मीटरवर पोलादी टेप उभी धरून फोटो काढा, आणि फोटोत मागे ओळखू येईल असं काहीतरी येऊ द्या: विजेच्या खांबाचा क्रमांक, गडगा, घराचं फाटक. नुसत्या काँक्रीटच्या फोटोवरून जागा सिद्ध होत नाही.

उताराची तपासणी अगदी सोपी. वरच्या टोकाला पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने चालत जा. पाणी जिथे तुंबलं तिथे तळ उलटा बसला आहे. तिथेच पावसाळ्यात गाळ आणि डास.

पेव्हरला जाडी आणि खालचा थर या दोनच गोष्टी. पायवाटेला ६० मिमी चालतो, गाड्या जाणाऱ्या रस्त्याला ८० मिमी हवा. कडेचा एक ब्लॉक निघतो, त्याची पट्टीने जाडी मोजा आणि खाली दाबून बसवलेली खडी आहे की नुसती माती हे बघा. वाळूचा थर साधारण २० ते ४० मिमीचा असतो. खडी वाचवून वाळू वाढवली की दुसऱ्या पावसात चाकांच्या जागी खड्डे बसतात. मग ‘पाऊस जास्त झाला’ असं ऐकायला मिळतं.

शिवाय तारीख. मेअखेर घाईत ओतलेल्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारलं गेलं का, की पहिल्या सरीने सिमेंटच धुऊन नेलं? निविदेत दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. तो संपायच्या आत लेखी तक्रार गेली तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने. संपल्यावर गेली तर तेच काम नवीन अंदाजपत्रक होऊन परत येतं, आणि गाव एका गटाराचे दोनदा पैसे भरतो.

मानशीकडचा

वरचं सगळं मान्य. पण काटकसर म्हणजे सगळीकडे कात्री, असं होऊ नये म्हणून लिहितो.

खाजनाचा, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतजमिनीचा, बांध घ्या. खेकड्यांची बिळं मे महिन्यात चिकणमातीने बुजवली तर काम चार माणसांचं. ती तशीच राहिली तर भरतीचं पाणी त्याच वाटेने माती ओढतं, बांध फुटतो, खारं पाणी भातशेतीत शिरतं, आणि जमीन गोडी व्हायला पुढचे कितीतरी पावसाळे लागतात. फुटलेल्या बांधाचं अंदाजपत्रक मग लाखांत जातं. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचंही तेच. ओहोटीला दार उघडून आतलं पाणी जावं आणि भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटावं, ही तिची रचना. फळी कुजली किंवा मासळीच्या लोभाने दार अडवून ठेवलं की सगळा व्यवहार बिघडतो. देखभालीचा खर्च कापणारा माणूस काटकसरी नव्हे. त्याने खर्च पुढच्या पिढीवर ढकलला, एवढंच.

गावकरीची, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, रीत या बाबतीत शिकण्यासारखी आहे. शेतं कसायला देण्याचा लिलाव व्हायचा, त्या उत्पन्नातून आधी बांध, मानशी, देवकार्य, आणि उरलं तर गावकारांना, म्हणजे तिच्या सभासदांना, झोण (नफ्याचा वाटा). खर्च आधी आणि पैसा कुठून आणायचा ते नंतर, असं सहसा चालत नसे. त्या रचनेत बायकांना आणि गावकार नसलेल्यांना फारशी जागा नव्हती हेही खरं, त्यामुळे ती जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण आवकीच्या आत जावक आणि देखभाल सगळ्यात आधी, ही शिस्त घेण्यासारखी आहे.

राज्यपातळीवर याच शिस्तीचं उदाहरण हवं असेल तर लोहखनिजाचा कायमस्वरूपी निधी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४च्या निकालात खनिजाच्या विक्रीतला १० टक्के वाटा वेगळा ठेवायला सांगितलं. खनिज एकदा काढलं की परत येत नाही. ती कमाई म्हणून उडवण्याची गोष्ट नव्हे, वडिलोपार्जित ठेव आहे, आणि मुद्दलाला हात न लावता ती राखायची असते. परंपरा मानणाऱ्या माणसाने हा निधी कुठे गुंतवला आणि किती झाला हे दर वर्षी विचारायला हवं.

आणि कल्याण योजनांवर तुटून पडू नका. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठाला महिन्याला २००० रुपये मिळतात, गृहिणींसाठीच्या गृह आधारमध्ये १५००. खरा गरजू कापला जाऊ नये आणि मयत माणसाच्या नावावर पैसे जाऊ नयेत, एवढीच मागणी ठेवा. त्यासाठी नावं मागायची गरज नाही, खाजगी माहिती म्हणून ती नाकारली जाऊ शकतात. आकडे मागा: किती लाभार्थी, हयातीचे दाखले किती आले, किती जणांचे पैसे थांबवले.

अनुमोदक

मंडळाच्या अनुदानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. ज्याचा खर्च तपासायचा त्याच्याकडून पैसे घेतले की पहिल्याच कडक ठरावाला ‘तुमचं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्चलं त्याचा दाखला) आलं का?’ असा प्रश्न येतो. अनुदान उशिरा येतं, कार्यक्रम उधारीवर होतो, आणि मंडळाचे निम्मे दिवस फाइलीमागे जातात. शिवाय सरकारी पैशाचा वाटा भरीव झाला तर बिगरसरकारी संस्थाही माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(h) खाली सार्वजनिक प्राधिकरण ठरते. डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच सांगितलं. तो नियम योग्यच आहे. जनतेचा पैसा घेतला तर हिशेब जनतेला द्यायचा.

नोंदणी मात्र करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद पुरतात, तुम्ही नऊ-दहा आहात. बँकेत खातं, दोन सह्या, प्रत्येक वर्गणीला क्रमांकाची पावती, आणि जमाखर्च देवळाच्या किंवा चॅपेलच्या फलकावर दर तीन महिन्यांनी. तुमचं अंदाजपत्रक लहान असेल: झेरॉक्स, अर्जांचं शुल्क, एक ५० मीटरची टेप. दर घरी थोडी वर्गणी घेतली तरी भागतं.

ग्रामसभेचं थोडं. गोव्यात सामान्य ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांच्या असतात, म्हणून ठराव मांडणाऱ्याचं आणि अनुमोदकाचं नाव यादीत आहे ना, ते आधी पाहा. ठराव तोंडी मांडलात तर कार्यवृत्तात ‘यावर चर्चा झाली’ एवढंच उतरतं. लिहून द्या, दोन प्रती करा, सचिवांची पोच घ्या, आणि सभेत तो शब्दशः वाचायला लावा. ‘चौकशी व्हावी’ हा ठराव कुणालाच बांधत नाही. असा लिहा: ‘अमुक कामाचं अंतिम बिल, ग्रामसभेच्या देखरेख समितीने जागेवर मोजमाप करून अहवाल दिल्याशिवाय अदा करू नये.’ पंचायत राज कायद्यात ग्रामसभेने देखरेख समित्या नेमायची तरतूद आहे, पण समिती कागदावर असते आणि सभासदांना आपण त्यात आहोत हे ठाऊकही नसतं. आधी ती यादी मागा. जमलं तर तुमच्यातले दोघं समितीत जा.

पुढच्या सभेत पहिलं काम मागचं कार्यवृत्त वाचून घेणं. ठराव वेगळ्या शब्दांत उतरला असेल तर कायम होण्यापूर्वी तिथल्या तिथे हरकत नोंदवा.

तिसवाडीकर

सगळ्यांचे आभार. गटाराचं गणित तर छापूनच ठेवतो. अनुदानाचा वाद इथेच मिटला, नोंदणी करू आणि वर्गणीवर चालवू. एकच विचारतो, ऑक्टोबरची सभा गाठायची तर अर्ज कधी द्यावेत?

जमाखर्च

जुलैच्या मध्यापर्यंत. उत्तराला ३० दिवस, म्हणजे ऑगस्टचा मध्य. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा, म्हणजे सप्टेंबरअखेर. ऑगस्टअखेर अर्ज दिलात तर अपिलाची पायरी सभेनंतर येईल. मुदत उलटून माहिती मिळाली तर प्रतींचे पैसे भरायचे नसतात, कलम ७(६) दाखवा. आणि अर्ज हाताने देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अपिलात पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा असतो.