आयरिश वादक-गीतकारांना सरकारने दर आठवड्याला पैसे द्यावेत का?

गॅलवेकर

मंडळी, आयर्लंड सरकारने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची योजना आणली. २००० कलावंत, आठवड्याला प्रत्येकी ३२५ युरो, मुदत तीन वर्षं. नऊ हजारांवर अर्ज आले, छाननीनंतर उरलेल्यांतून सरळ चिठ्ठ्या काढल्या. कोण थोर, कोण सुमार, हे कुणी पाहिलंच नाही. निवड झालेल्यांत ५८४ जण संगीतातले होते. ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही योजना कायम करण्याची घोषणा झाली आणि इकडे पुन्हा वादाला तोंड फुटलं.

मी योजनेच्या बाजूने आहे, आणि ते 'कला जगली पाहिजे' वगैरे गहिवरातून नाही. इथल्या आधीच्या मोठ्या सवलती संगीत रचणाऱ्यासाठी होत्या, वाजवणाऱ्यासाठी नव्हे. १९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉहींनी लेखक, चित्रकार आणि संगीतकारांना आयकरात माफी दिली, ती मूळ रचनेच्या कमाईवर. १९८१ मध्ये 'ईसडाना' ही कलावंतांची संस्था निघाली, तिच्या गरजू सदस्यांना वार्षिक मानधन मिळतं. तिथेही अट नवनिर्मितीचीच.

आता पश्चिम किनाऱ्यावरच्या डूलिन गावातल्या एखाद्या पबमध्ये रात्री साडेनऊला पेटीतून फिडल (व्हायोलिन) काढणारा माणूस घ्या. पबवाला पैसे देतो ते दोघा-तिघांना. बाकीचे येतात, खुर्ची ओढतात, सामील होतात. त्यांच्या वाट्याला फार तर एखादा ग्लास येतो. वाजतात त्या रील-जिग या नाचाच्या धुना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. त्यांच्यावर कुणाचाच हक्क नाही, म्हणून रॉयल्टीही नाही. पण अर्ध्या जगातले पर्यटक याच्यासाठीच तिथे येतात! हॉटेल कमावतं, बस कंपनी कमावते, पबवाला कमावतो. या फिडलवाल्याला 'तुझ्या कामाचा हा मोबदला' असं सरकार पहिल्यांदाच म्हणतंय. तुमचं काय मत?

हिशेबनीस

साफ असहमत.

चीफ्टन्स या पारंपरिक आयरिश संगीताच्या गटाचंच उदाहरण घ्या. १९६२ मध्ये गट सुरू झाला. त्याचा म्होरक्या पॅडी मलोनी डब्लिनमध्ये बांधकाम-सामानाच्या पेढीत हिशेब लिहायचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी पाइप्स (आयरिश बॅगपाइप). मंडळी पूर्णवेळ संगीतात उतरली ती थेट १९७५ मध्ये, लंडनचा रॉयल आल्बर्ट हॉल भरवून दाखवल्यावर. 'फील्ड्स ऑफ अ‍ॅथनराय' लिहिणारा पीट सेंट जॉन मुळात इलेक्ट्रिशियन. पॅडी रायलीने गायलेलं ते गाणं खपाच्या आयरिश यादीत ७२ आठवडे होतं. २०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत स्पेनकडून चार गोलांनी हरत असताना आयरिश प्रेक्षक तेच गात होते. आणि गायिका एन्या? एकही मैफलींचा दौरा न काढता जगात सर्वाधिक खपणाऱ्या आयरिश कलाकारांत बसली. यांपैकी कुणाला आठवड्याचा चेक मिळत होता?

शिवाय चिठ्ठीने निवड हा काय प्रकार आहे? रात्रपाळी करणाऱ्या नर्सच्या पगारातून कर कापायचा आणि तो नशिबाने नाव निघालेल्याला वाटायचा!

आलाप

@हिशेबनीस, जे तरले तेवढेच तुम्ही मोजताय. चीफ्टन्सना नोकरी सांभाळून तेरा वर्षं काढता आली म्हणून त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. पाचव्या वर्षी ज्यांनी पाइप्स माळ्यावर टाकले, त्यांची नावं कुणी सांगायची?

आणि साठच्या दशकात डब्लिनमध्ये कारकुनाच्या पगारात घर चालत होतं. आज तिथलं एका खोलीचं भाडं विचारून बघा. गेल्या दहा वर्षांत माझ्या ओळखीचे जे वादक डब्लिन सोडून गेले, ते कंटाळून नव्हे, भाड्यापायी गेले.

नदीकाठ

धागाकर्त्यांशी अंशतः सहमत. पण 'रचणाऱ्याला सगळं मिळालं' हे काही पटलं नाही.

करमाफीने उपाशी गीतकाराचं पोट कसं भरणार? ज्याची कमाईच नाही त्याला माफी कसली? फायदा ज्यांचं आधीच उत्तम चाललं होतं त्यांचा. २००७ पासून माफीला वर्षाला अडीच लाख युरोंची मर्यादा घालायचं ठरलं, तर यू-टू या रॉक गटाने २००६ मध्येच आपला गीत-प्रकाशनाचा व्यवसाय नेदरलँड्सला हलवला. पुढे मर्यादा ४०,००० वर आली, २०१५ पासून ५०,००० आहे. म्हणजे आज ती खरोखर मध्यम कमाईवाल्यांच्या कामाची झाली आहे, हे मान्य. पण ३५-४० वर्षं ती कुणाच्या कामाला आली ते उघड आहे.

आता रचणारा आणि गाणारा यांच्यातली दरी. कॉर्कचा गीतकार जिमी मकार्थी घ्या. 'राइड ऑन' त्याचं, पण घराघरात पोचलं क्रिस्टी मूरच्या आवाजात. 'नो फ्रंटियर्स' त्याचं, ओळखलं जातं मेरी ब्लॅकचं म्हणून. पण प्रत्येक वेळी रेडिओवर वाजलं की गीतकाराच्या नावावर काहीतरी जमा होतं, म्हणून अशी माणसं टिकतात. उलट बाजूला गायिका शिनेड ओ'कॉनर. १९९० मध्ये जिच्या आवाजाने जग हललं, ते गाणं प्रिन्स या अमेरिकी गायक-गीतकाराचं. अमेरिकेत तर साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला छदामही नाही. कायदाच तसा आहे तिथे. गॅलवेकरांचा फिडलवाला आणि शिनेड एकाच रांगेत उभे आहेत, फक्त ती रांगेच्या पुढच्या टोकाला.

हिशेबनीस

मग रेडिओचा कायदा बदलायला भांडा ना! करदात्याच्या खिशात हात कशाला?

आणि आश्रयच हवा असेल तर जुना आश्रय जास्त प्रामाणिक होता. टरलॉ ओ'कॅरोलन (१६७०-१७३८) अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने आंधळा झाला. मॅकडरमॉट रो घराण्याच्या बाईंनी त्याला हार्प शिकायची सोय करून दिली, पुढे घोडा दिला, वाटाड्या दिला. मग जन्मभर तो या वाड्यावरून त्या वाड्यावर फिरला. ज्याच्या घरी उतरायचा, त्याच्या नावाने धून बांधायचा. दोनशेवर धुना आज वाजतात, त्या यातूनच आल्या. आश्रयदाता समोर बसून ऐकत होता, आवडलं नाही तर पुढच्या खेपेला दार बंद! सरकारच्या चिठ्ठीला कान आहेत का?

आलाप

वाड्यांना कान होते खरे, पण ते ठराविक घराण्यांचे. धुनांना नावं कुणाची आहेत ती बघा. शेतमजुराच्या नावाने किती निघाल्या? चिठ्ठी बहिरी आहे हेच उत्तम. इथे अनुदान समितीत कोण बसतं आणि कुणाचा कोण मित्र, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नासेक लाखांचा देश, संगीतातले सगळे एकमेकांना थेट नाहीतर ओळखीतून ओळखतात.

सवाईचा_श्रोता

तुमच्यात पडतो जरा. आपल्याकडे महाराष्ट्रात कलावंत मानधन मिळतं ते पन्नाशी उलटल्यावर, इतकी वर्षं कला केली याचे पुरावे जोडून. तुमच्याकडे पंचविशीतल्या पोराला मिळतंय. मला तर हेच बरोबर वाटतं, गुडघे गेल्यावर पैसे देऊन तमाशातली बाई परत फडावर उभी राहते का?

गॅलवेकर

@सवाईचा_श्रोता, मुद्दा चोख आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा, नाहीतर हा भरकटेल. :)

@हिशेबनीस, तुमच्या भाषेत बोलतो. सरकारने खर्च-लाभाचा अभ्यास करून घेतला, त्यात एका युरोमागे १.३९ युरोचा लाभ निघाला. ही रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते, म्हणजे थोडे पैसे तिजोरीत परतही जातात.

हिशेबनीस

तो अहवाल नीट वाचा. त्या १.३९ मधला सगळ्यात मोठा वाटा 'कलावंतांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं' याची पैशांत मांडलेली किंमत आहे. आठवड्याला ३२५ युरो दिले तर माझंही सुधारेल. कुणालाही द्या, सुधारेल! यातून संगीताबद्दल काय सिद्ध झालं?

पॉलीफोनी

सगळे पब आणि रेडिओवरच अडकलेत. जे कागदावर स्वरलेखन करतात, वाद्यवृंदासाठी लिहितात, त्यांचा तर उल्लेखही नाही.

पियानोवरचा 'नॉक्टर्न' हा संथ, स्वप्नाळू रचनांचा प्रकार रुजवणारा जॉन फील्ड डब्लिनचा, जन्म १७८२. मुलगा असतानाच लंडनला गेला, पुढे रशियात, आणि मेला मॉस्कोत १८३७ मध्ये. आजचा रचनाकार डनखा डेनेही घ्या. १९९७ मध्ये डब्लिनमध्ये 'क्रॅश' नावाचा समकालीन संगीताचा गट उभा केला, आता शिकवतो अमेरिकेत प्रिन्स्टनला. दुसरा रचनाकार जेराल्ड बॅरी, त्याच्या गाजलेल्या ऑपेराचा पहिला प्रयोग लॉस एंजेलिसला. देशात राष्ट्रीय सिम्फनी वाद्यवृंद एक, तोही २०२२ मध्ये आरटीई या सरकारी नभोवाणीकडून नॅशनल कॉन्सर्ट हॉलकडे सोपवला गेला. वीस मिनिटांच्या कृतीला वर्ष जातं आणि ती बरेचदा एकदाच वाजते. आठवड्याला ३२५ युरो मिळाले तर रचनाकार भाडं भरेल हो, पण त्याचं लिहिलेलं वाजवणार कोण? पैसे माणसाला देण्याऐवजी वाद्यवृंदांना द्या, नव्या कृती मागवायला लावा. मी योजनेच्या विरोधात, पण हिशेबनीसांच्या कारणासाठी नाही.

नदीकाठ

@पॉलीफोनी, संस्थेला दिलं की ते आधी इमारतीत आणि व्यवस्थापकाच्या पगारात जिरतं. रचनाकाराचा नंबर सगळ्यात शेवटी.

पॉलीफोनी

आणि माणसाला दिलं की घरमालकात जिरतं.

मीरा_डब्लिन

इतका वेळ नुसती वाचत होते. माझ्या मुलीला कॉन्सर्टिना (हातात धरायचं भात्याचं छोटं वाद्य) शिकवणाऱ्या बाईंचं नाव २०२२ च्या चिठ्ठीत निघालं. आधी त्या आठवड्याचे सहा दिवस शिकवण्या घ्यायच्या, शनिवारी लग्नांत वाजवायच्या. पैसे सुरू झाल्यावर पहिलं काय केलं असेल? शिकवण्या निम्म्या केल्या. मोकळ्या दिवशी आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या वादकांकडे जाऊन बसायच्या, टेबलावर फोन रेकॉर्डिंगला लावून. तिथल्या कितीतरी धुना छापील संग्रहांत आहेत, पण कुठे थांबायचं, कुठला स्वर गिळायचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. आता त्या सगळ्याची ध्वनिमुद्रिका करतायत. माझं मत अजून ठरत नाहीये.

हिशेबनीस

म्हणजे करदात्याने पैसे देऊन तुमच्या मुलीचा क्लास बंद पाडला.

मीरा_डब्लिन

बंद नाही, मंगळवारचा गुरुवारी गेला. निम्म्या मुलांना त्यांनी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवलं. ती बावीस वर्षांची आहे, पहिल्यांदाच शिकवून कमावतेय. तिचं नाव कुठल्याच चिठ्ठीत नाही. सरकारच्या हिशेबात हिला कुठल्या रकान्यात टाकलंय, सांगता का?

हिशेबनीस

सांगतो, आधी अहवालातला तक्ता पुन्हा काढतो. पण चिठ्ठीबद्दलचा माझा आक्षेप तसाच आहे.